तेविसावा पट्टा

सोलापूर,
९ जून २०२४

दादा,

नमस्कार. पत्र पाहून हसू नकोस. हातात फोन असताना कागद कशाला, तर आपल्या आबांमुळे. दोन खोल्यांच्या या घरात मी कुठेही जाऊन बोलले तरी त्यांना ऐकू येतं. अर्धं अंग लुळं पडलं, पण कान पहिल्यापेक्षा तिखट झालेत. वाचता येत नाही तेवढं बरं आहे. तेव्हा आबांबद्दल काही बोलायचं ते कागदावर, आणि कागद धुळाच्या हाती. आठवड्यातून दोनदा तो डाळिंबं घेऊन इथल्या मार्केटला येतोच. सख्खा चुलतभाऊ आहे, एवढं करील.

खरं सांगायचं तर आबा झिजत चाललेत. तिसऱ्या मजल्यावरून समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी दिसते. दिवसभर तिच्याकडे बघत बसतात. डॉक्टर म्हणाले, गोळ्या चालू आहेत पण माणसाला जगायला कारण लागतं, आणि मनाला धक्का बसेल असं काही कानावर घालू नका. त्यांचं कारण वस्तीवर तुझ्यापाशी आहे, बावीस मेंढरं.

म्हणून मी एक खटपट केली आहे. माझी कंपनी आभासी जगं बनवते, ज्याला तू चष्म्यातली जत्रा म्हणतोस. त्या जत्रेत मी आपला माळ उभा केला आहे. ओढा, बाभळी, सगळं. सोबत बावीस पट्टे पाठवते. एकेका मेंढराच्या गळ्यात एकेक बांध. पट्टा तीनच गोष्टी सांगतो: मी कुठे आहे, माझं तोंड कुठे आहे, मी किती वेगाने चालले आहे. बाकी लोकर, शेपूट, पाय हे सारं इथे आबांच्या चष्म्यात तयार होतं. अशा जगात वस्तू एकमेकींना सगळं सांगत बसत नाहीत, बसल्या तर सगळं ठप्प होईल. जे बदललं तेवढंच कळवायचं. काही कळवलं नाही तर पूर्वीसारखंच चाललंय असं धरायचं. माळावर रेंज गेली तरी मेंढरू शेवटी जिकडे निघालं होतं तिकडेच चष्म्यात चालत राहील. नवी बातमी आली की पुन्हा खऱ्या जागी येईल.

आबांची जागा मी कळपाच्या मागे ठेवली आहे. कळप सरकला की तेही मागून सरकतील. कानीला पट्टा आधी बांध, तीच पुढे असते. वहिनीला नमस्कार सांग.

तुझी,
सुकन्या


वस्ती,
२० जून

चि. सुकन्या,

पट्टे मिळाले, बांधले. बांडी मेंढीने मला फरफटत नेलं, गुडघा फुटला. ऋतुजा विचारते, मेंढरांना दागिने पाठवलेस, मग वहिनीला काय?

तुझी विद्या मला कळली असं म्हणत नाही, पण आबांना माळ दिसणार असेल तर कर बाई. फक्त एक विचारायचं होतं. त्या चष्म्यात मी दिसतो का? मेंढरांच्या मागे मीच असतो, म्हणून विचारलं.

आबांना म्हणावं, कानीला दोन कोकरं झाली आहेत. दोन्ही धडधाकट आहेत.

जोतिराम


सोलापूर,
१५ सप्टेंबर

दादा,

तू आता आबांना ओळखणार नाहीस. सकाळी सहाला उठून चष्मा मागतात. चांगल्या हाताने हवेत काठी मारतात, तोंडाने हुर्र करतात. व्यायाम करून घ्यायला देवयानी म्हणून एक बाई येतात, त्या म्हणाल्या, तीन महिन्यांत मला जमलं नाही ते या मेंढरांनी केलं. काल दीड भाकरी खाल्ली. परवा कानीला बघून रडले, पण चांगलं रडले.

तू दिसतोस का, असं विचारलं होतंस. नाही रे, तुला कुठे पट्टा आहे? आणि तुझ्या जागेवर आबा उभे आहेत. दोघं एका जागी कसे मावणार?

त्यांच्या फोनचं मनावर घेऊ नकोस. सगळं दिसायला लागलं, मग बोलल्यावाचून राहवत नाही. कानीला मागं का ठेवली, ओढ्याला एवढ्या लवकर का नेली, आठ वाजले तरी मेंढरं रात्रीच्या जाळीतच कोंडलेली का. नऊ तारखेला मात्र तू कमाल केलीस. दुपारी दोनपर्यंत बावीसच्या बावीस जाळीत! आबांनी तुला जे ऐकवलं ते माझ्याच्यानं इथे ऐकवेना. मी मध्येच फोन घेऊन म्हटलं, झोपायचंच असेल तर आधी पट्टे काढून ठेव आणि मग झोप, ते गमतीने म्हटलं होतं. तू फोन ठेवून दिलास. एवढा राग बरा नव्हे. माझ्या ऑफिसात मी खुर्चीत किती वेळ बसते तेही मोजतात. आम्ही सवय करून घेतली, तूही घे.

तुझी,
सुकन्या


वस्ती,
२२ सप्टेंबर

चि. सुकन्या,

आबा दीड भाकरी खातात हे वाचून बरं वाटलं.

उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते मी आजवर नुसतं ऐकलं होतं. आता तिसऱ्या मजल्यावरून मेंढरं हाकलेली पाहिली. दिवसाला चार फोन येतात. परवा बाभळीखाली जेवायला बसलो तोच फोन आला, मेंढरं का थांबली. घास हातात धरून उत्तर दिलं.

नऊ तारखेबद्दल मला काही लिहायचं नाही. ऋतुजाची तब्येत जरा बरी नव्हती. आबांना यातलं काही सांगू नकोस. डॉक्टर काय म्हणाले ते माझ्या ध्यानात आहे.

जोतिराम


सोलापूर,
१ डिसेंबर

दादा,

तुझं पत्र नाही. फोन उचललास तर चार्जिंग नाही म्हणून ठेवतोस. धुळाला विचारावं तर तोही इकडचं तिकडचं बोलून गाडी सुरू करतो. काही कळवलं नाहीस म्हणजे सगळं ठीक आहे असं मी धरून चालते. वहिनीची तब्येत विचारायची राहूनच गेली होती, तीही आता ठीकच असेल.

आज लिहायचं कारण वेगळं आहे. गेले तीन आठवडे पट्टे बिघडलेत. शाळेतली पोरं प्रार्थनेला जातात तशी सगळी मेंढरं एकामागे एक ओळीने चालतात. बावीसही जणींचा वेग एक, वळण एक, थांबली तर सगळी एकदम. मी आधी रेंजला दोष दिला, मग पट्ट्यांमधल्या घड्याळाला. दोन रविवार त्यात घातले. शेवटी उपाय सापडला. पट्टा जी जागा सांगतो तिच्यापासून प्रत्येक मेंढराला मीच थोडं इकडेतिकडे सरकवते. आता कळप कसा छान पांगलेला दिसतो. ऑफिसात दाखवलं तर साहेब म्हणाले, अगदी जिवंत वाटतात.

आबांचं मात्र काही कळत नाही. ओरडत नाहीत, तुला फोन लाव म्हणत नाहीत. तासभर चष्मा लावून बसतात आणि काढून माझ्या हातात देतात. मी विचारलं, आबा, मेंढरं नीट चालतात ना. म्हणाले, "चालत्यात की." बस्स, तेवढंच. मला वाटतं, त्यांचा तुझ्यावर भरवसा बसला. बघ, शेवटी पट्ट्यांनी तुझंच भलं केलं.

तुझी,
सुकन्या


वस्ती,
१० जानेवारी २०२५

चि. सुकन्या,

धुळाच्या गाडीत डाळिंबाच्या क्रेटवर एक पोतं ठेवलं आहे. त्यात तुझे बावीस पट्टे आहेत.

मेंढरं मी दिवाळीनंतरच्या दुसऱ्या रविवारी बाजारात विकली. कानीसुद्धा. तुझे पट्टे बिघडले नव्हते. विहिरीचा जुना दोर घेऊन मी ते दोन-दोन पावलांवर त्याला बांधले आणि दोराचं टोक कमरेला बांधून आबांच्या वाटेने चालत होतो. सकाळी वस्तीपासून ओढा, ओढ्यापासून बाभळी, दुपारी तिथे थांबायचं आणि संध्याकाळी परत. दोन महिने मी हे केलं, कारण डॉक्टरांनी धक्का देऊ नका म्हणून सांगितलं होतं. मागे मेंढरं नाहीत, नुसते पट्टे मातीत ओढले जातायत. लोक म्हणाले, जोत्याला वेड लागलं. धुळाला मी बिरोबाची शपथ घातली होती म्हणून तो तुझ्यापाशी बोलला नाही. आणि तू तिकडे दोन रविवार घालवून माझ्या दोराचा कळप बनवत बसलीस. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

आता नऊ सप्टेंबरचं सांगतो. ऋतुजाला पाचवा महिना लागायला आठ दिवस होते. मागच्या वेळी काय झालं ते तुला माहीत आहे, म्हणून या खेपेला पाचवा लागेपर्यंत कुणाला कळवायचं नाही असं तिनं ठरवलं होतं, अगदी माहेरीही नाही. त्या दिवशी सकाळी तिच्या पोटात कळ आली. धुळाच्या गाडीतून सांगोल्याला नेली. मेंढरं जाळीतच राहिली, सोडायला दुसरं होतं कोण? दुपारी डॉक्टरीणबाई बाहेर येऊन म्हणाल्या, नाही राहिलं. पुढच्या दहा मिनिटांत आबांचा फोन आला. ते काय म्हणाले ते तू शेजारी बसून ऐकलंस, तरी लिहितो. "मुकी जनावरं उपाशी ठेवतोस. अशाचं कदी भलं व्हत न्हाय." मग तू फोन घेतलास आणि झोपेचं बोललीस. मी दवाखान्याच्या जिन्यात उभा होतो. माझ्या हातात ऋतुजाच्या चपला होत्या.

तुझ्या पट्ट्यांनी त्या दिवशी खरं तेच सांगितलं. मेंढरं कुठे, तर जाळीत. वेग किती, तर काही नाही. का, ते सांगायची सोय तू ठेवली नव्हतीस. काही कळवलं नाही तर पूर्वीसारखंच धरायचं, असा तुझ्या त्या जगाचा नियम आहे. तो तू माझ्या घरालाही लावलास. डिसेंबरात लिहिलंस, वहिनी ठीकच असेल.

त्यानंतर माळावर गेलो की प्रत्येक मेंढराच्या गळ्यातून आबा माझ्याकडे बघतायत असं वाटायचं. पाणी प्यायला थांबलो तरी आधी फोन हातात घ्यायचो, आता वाजेल म्हणून. वीस वर्षं ही मेंढरं राखली, कधी कंटाळा आला नाही. ती रोगानं गेली नाहीत आणि चाऱ्यावाचूनही गेली नाहीत. तुमच्या बघण्यानं गेली.

ऋतुजा म्हणाली, आता तो दोरही सोडा. आम्ही उद्या वस्ती सोडतो. कुठे जाणार ते वाटलं तर कळवीन. आबांना काय सांगायचं ते तू ठरव. तुला जगं बनवता येतात.

जोतिराम


सोलापूर,
१४ जानेवारी

दादा,

गड्ड्याच्या यात्रेमुळे शहरातले रस्ते बंद आहेत, धुळा या आठवड्यात येणार नाही. हे पत्र वस्तीच्या पत्त्यावर पोस्टात टाकते. तुम्ही तिथे नाही हे माहीत आहे, पण माझ्याकडे दुसरा पत्ता नाही.

पोतं पोचायच्या आधी इथे काय झालं ते तुला सांगायला हवं. पट्टे चालूच होते. तू ते पोत्यात भरून गाडीवर ठेवलेस, आणि इथे आबा चष्मा लावून बसले होते. एकदम म्हणाले, पोरी, मेंढरं उधळली. मी संगणकावर बघितलं तर बावीसही जणी ताशी साठच्या वेगाने माळ सोडून निघाल्या होत्या. आपल्या माळापलीकडचं मी काहीच बनवलेलं नाही, तिथे नुसता राखाडी रंग आहे. त्या राखाडीतून कळप धावत होता आणि आबा त्याच्या मागे. मी चष्मा काढायला गेले तर त्यांनी माझा हात झिडकारला. संगणकातल्या नकाशावर मंगळवेढा गेलं, बेगमपूरचा पूल गेला. तेव्हा मला दिशा कळली. आबांना सांगितलं तर म्हणाले, ठावं हाय, हिकडंच येत्यात.

मार्केटमध्ये मेंढरं तासभर थांबली. मग आमच्या गल्लीत वळली. धुळाने दारावर थाप मारली तेव्हा चष्म्यात ती बावीस मेंढरं आबांच्या पलंगाच्या जागी, त्यांना खेटून उभी होती.

धुळाने पोतं ठेवलं, पत्र दिलं आणि पाणीही न घेता गेला. मी ते स्वयंपाकघरात उभ्याने वाचलं. बाहेर आले तर आबांनी चष्मा काढला होता. पोत्यात हात घालून एक पट्टा त्यांनी नाकाशी नेला होता. मी म्हटलं, आबा, पट्टे दुरुस्तीला आलेत. असं मी म्हणाले आणि माझीच मला लाज वाटली. ते म्हणाले, मेंढरं गेली ते मला दोन महिन्यांपूर्वीच कळलंय.

"मेंढरू दुपारच्या उनात दुसरीच्या पोटाखाली डोस्कं घालतं. ही आदी वळीत उबी ऱ्हायली, मग सुटी सुटी. आपली न्हाईत ती."

सुटी सुटी ती मी केली होती, दादा. मला विचारलं नाही कारण मला वाईट वाटेल, आणि तुला विचारलं नाही कारण तू त्यांच्यासाठी काहीतरी चालवत असशील, एवढं त्यांनी ओळखलं होतं. दोन महिने ते रोज तासभर तो खोटा कळप बघत बसले. मला वाटत होतं की मी त्यांना जगवतेय.

मग मी तुझं पत्र वाचून दाखवलं, पहिल्या ओळीपासून. डॉक्टरांचं बोलणं मी विसरले नव्हते, पण आणखी एक खोटं मला झेपणार नव्हतं. चपलांपाशी मी थांबले. त्यांनी बोटाने पुढे वाच म्हणून खूण केली. वाचून झाल्यावर त्यांनी पोत्यातले पट्टे एकेक करून गादीवर मांडले. बराच वेळ लागला, एकच हात चालतो ना. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "बावीस बांदलं. तेविसावा जोत्याला का न्हाय बांदला?"

तू जूनमध्येच विचारलं होतंस, मी दिसतो का. मी त्याची थट्टा केली, तुझ्या जागेवर आबा आहेत म्हणून. ती थट्टा नव्हती, मी खरंच तसं केलं होतं. ओढा बनवताना त्यातले दगडसुद्धा आठवून आठवून ठेवले आणि तुला ठेवायचं मला सुचलं नाही.

आबांनी परवापासून जेवण सोडलंय. दूध पाजलं तर घेतात. नऊ तारखेला मी फोनवर काय बोललो, असं पुन्हा पुन्हा विचारतात आणि मी सांगितलं की भिंतीकडे तोंड करतात. वहिनीची माफी मागायला मला तोंड नाही, तरी मागते. तुम्ही कुठे आहात तेवढं कळव.

तुझी,
सुकन्या


टेंभुर्णी,
२ फेब्रुवारी

चि. सुकन्या,

तुझं पत्र वस्तीवरून फिरत फिरत काल इथे आलं. हायवेलगतच्या एका गोदामात मला काम मिळालं आहे, जवळच खोली घेतली आहे. तू मागितलेली माफी ऋतुजाला वाचून दाखवली. ती भाकऱ्या थापत राहिली.

आबांना जेवा म्हणावं. माझा राग आहे, तो आहेच, पण जेवा म्हणावं. ते जे बोलले ते त्यांना माहीत नसताना बोलले हे मला कळतं. कळलं म्हणून विसरता येतं असं नाही. तुझ्यावरचा राग जायला वेळ लागेल, गेलाच तर. तुम्ही इकडे येऊ नका. मला यावंसं वाटेल तेव्हा मी येईन.

आणि आबांना सांग, तेविसावा पट्टा मिळाला. इथे प्रत्येकाच्या गळ्यात एक कार्ड असतं. फाटकातल्या यंत्राला टेकवलं की जोतिराम आला हे मालकाला कळतं. मंगळवारी ऋतुजाला दवाखान्यात दाखवून येईपर्यंत मला चाळीस मिनिटं उशीर झाला. यंत्रानं तेवढाच उशीर लिहून घेतला. का झाला ते त्यात लिहायला जागा नाही, आणि मालकानंही विचारलं नाही. पण तो परका माणूस आहे, त्यामुळे मला काही वाटलं नाही.

जोतिराम